बिनब्रेडचा डबा

दिवसभर पहार आणि फावडं चालवणाऱ्या बाईची साखर वाढतेच कशी, हे मी डॉक्टरांना जवळजवळ भांडतच विचारलं. रिपोर्टवर एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेचा आकडा, ६.१ होता. ५.७ च्या खाली असतं तर नॉर्मल, ६.५ ला पोचलं की मधुमेह. मी मधल्या पट्ट्यात. हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब दाखवतो, त्यामुळे ‘काल जरा गोड खाल्लं होतं’ ही सबबही चालण्यासारखी नव्हती. डॉक्टरांनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, “कामावर डब्यात काय नेता?”

मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. चार स्लाइसची दोन सँडविचेस, एक केळं, चार बिस्किटं आणि अर्ध्या लिटरची गोड ज्यूसची बाटली. मग त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. स्लाइसमागे साधारण १४ ग्रॅम कर्बोदकं धरली तर ब्रेडची ५६, केळ्याची २७, बिस्किटांची २०, ज्यूसची ५० च्या आसपास. एका डब्यात दीडशेच्या पुढे, आणि त्यातला तिसरा हिस्सा मी नुसता प्यायले होते. अख्ख्या दिवसाची कर्बोदकं १३० ग्रॅमच्या आत ठेवली तर त्याला ढोबळमानाने लो-कार्ब म्हणतात. माझा तो कोटा दुपारी सव्वा वाजताच संपून वर जात होता.

मी बागा उभारण्याचं काम करते. जमीन सपाट करायची, खड्डे घ्यायचे, झाडं लावायची, दगडी कडा बसवायच्या, आणि या सगळ्याच्या मधे मातीच्या खेपा, ज्या कधी संपतच नाहीत. घरी असताना जेवण बदलणं अवघड नसतं; समोर शेगडी असते, फ्रिज असतो, हात धुवायला नळ असतो. कामावर यातलं काही नाही. गाडीच्या सावलीत बसायचं, अर्ध्या तासात उरकायचं आणि उठायचं. सँडविच माझ्या डब्यात चवीमुळे नव्हतंच. ते एका हातात मावतं, सांडत नाही, दिवसभर टिकतं, म्हणून होतं. हे मला ब्रेड सोडल्यानंतर कळलं.

पहिल्या सोमवारी मी तेच केलं जे बहुधा सगळे करतात: काढायचं ते काढलं, घालायचं ते घातलंच नाही. दोन उकडलेली अंडी, एक काकडी, टोमॅटो आणि चिकनचा पांढरा, बिनचरबीचा तुकडा, तळहाताएवढा. डबा उघडला तेव्हा स्वतःचंच कौतुक वाटलं. तीन वाजता मी मुकादमांकडे बिस्किट मागत होते. मंगळवारी बिस्किट मागितलं नाही, पण दिवसभर सगळ्यांवर खेकसले. बुधवारी डोकं दुखत होतं. गुरुवारी भरलेली ढकलगाडी घेऊन उतारावरून येताना डोळ्यांसमोर अंधारी आली आणि गाडी तशीच सोडून मी खाली बसले. गाडी चार ढांगांवर जाऊन उलटली. कोणाला लागलं नाही, हे नशीब. मुकादम धावत आले, पाण्याची बाटली हातात दिली आणि म्हणाले, “ताई, जेवत जा की नीट.”

त्या रात्री मी कागद घेऊन बसले, या वेळी उष्मांकांचा. जुना डबा भरत होता साधारण साडेनऊशे किलोकॅलरी. नवा सव्वातीनशे. म्हणजे माझ्या डब्यातून कर्बोदकं जरूर गेली होती, पण त्यांच्यासोबत दोन तृतीयांश जेवणही गेलं होतं. काम मात्र तेवढंच. कर्बोदकं आणि प्रथिनं यांच्या एका ग्रॅममध्ये ४ किलोकॅलरी असतात, चरबीच्या ग्रॅममध्ये ९. कर्बोदकं काढल्यावर ती जागा चरबीनेच भरायची असते, कारण नुसत्या प्रथिनांनी ती भरून निघत नाही. आणि मी आयुष्यभर ऐकत आलेल्या सल्ल्याप्रमाणे चिकनसुद्धा सगळ्यात कोरडं निवडलं होतं! लो-कार्ब आणि लो-फॅट दोन्ही एकदम करणाऱ्या माणसाने खड्डे खणू नयेत, एवढंच म्हणेन.

अंधारीचं दुसरं कारण मला डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. कर्बोदकं एकदम कमी झाली की इन्सुलिन खाली येतं आणि मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकू लागतात. शिवाय ग्लायकोजेन, म्हणजे स्नायू आणि यकृतातला साखरेचा साठा, वापरलं जातं, आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. तेही निघून जातं. पहिल्या आठवड्यात काट्यावर जे दोन किलो कमी दिसतात आणि माणूस हुरळतो, त्यात मोठा वाटा या पाण्याचा असतो. ऑफिसात बसणाऱ्याला यामुळे नुसतं डोकं दुखेल. मी त्यात उन्हात घाम गाळत होते आणि वर साधं पाणी पीत होते. माझा रक्तदाब नॉर्मल असल्यामुळे त्यांनी पाण्यात थोडं मीठ घालून प्यायला सांगितलं, किती ते मोजून. रक्तदाबाची किंवा मूत्रपिंडाची तक्रार असणाऱ्याने हे आपल्या मनाने करायचं नाही, हेही बजावलं. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी तर डबा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. काही औषधांवर असताना कर्बोदकं अचानक तोडली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. मला औषध नव्हतं, म्हणून मला प्रयोग करायची मोकळीक मिळाली.

पुढच्या आठवड्यात मिठाचं पाणी घेतलं आणि डोकेदुखी दोन दिवसांत गेली. आता प्रश्न उरला जेवणाचा, आणि तिथेच खरी गंमत होती.

कोणीतरी सुचवलं होतं, ब्रेडऐवजी लेट्यूसच्या पानात गुंडाळून न्या. चित्रात फार सुंदर दिसतं. सकाळी साडेसहाला गुंडाळलेलं पान दुपारी एक वाजता ओल्या रुमालासारखं होतं, आणि आतलं सारण मनगटावरून कोपरापर्यंत जातं. मीठ पानातलं पाणी ओढून बाहेर काढतं, त्याला इलाज नाही. मग कोबीची मोठी पानं उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून, पुसून, जाड शिरेचा भाग तासून वापरून पाहिली. ती फाटत नाहीत, दुपारपर्यंत तग धरतात. पण दर रात्री पानं सोलत बसायचा उत्साह तीन आठवड्यांत संपला. आता कोबी बारीक चिरून डब्यात जातो आणि मी काट्याने खाते. एका हाताने खायचा हट्ट सोडला, आणि खरं सांगायचं तर बरंच झालं. खत आणि माती लागलेल्या हातांनी मी इतकी वर्षं सँडविच धरत होते. सॅनिटायझर चोळून माती जात नाही, खत-औषधांचे अंश तर मुळीच नाहीत. आता पाच लिटरचा पाण्याचा कॅन आणि साबणाची वडी गाडीत कायम असते. आधी हसणारे जोडीदारही आता तिथेच हात धुतात.

कोबीबद्दल एक बारीक गोष्ट. आधी तेल घालून हलवायचं, म्हणजे त्याला पातळ थर बसतो. मीठ आणि लिंबू वेगळ्या छोट्या डबीत न्यायचं आणि खाताना घालायचं. एवढ्याने सॅलड दुपारी कुरकुरीत राहतं. काकडी अख्खीच न्यायची आणि तिथे चिरायची.

अंड्यांनी मला तारलं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं, ७० किलोकॅलरी, कर्बोदकं अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, आणि वेष्टन निसर्गानेच दिलेलं. सोलायचं नाही, टरफलासकट न्यायचं. तसं ठेवलेलं उकडलेलं अंडं फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. रविवारी मी डझनभर उकडते. अगदी ताजी अंडी सोलताना टरफलाला पांढरं चिकटून येतं, चार-पाच दिवसांची झालेली सहज सुटतात. जास्त वेळ उकडलं तर बलकाभोवती हिरवट कडं येतं आणि गाडीत असा वास सुटतो की मुकादम दार उघडून बाहेर जातात. उकळी आल्यावर नऊ-दहा मिनिटं, मग लगेच थंड पाणी. तेवढं पाळलं की मैत्री टिकते.

महिन्याभराने डबा असा स्थिरावला: तीन अंडी, चिकनच्या मांडीचे भाजलेले तुकडे शंभर-सव्वाशे ग्रॅम, वाडगाभर कोबी-ढोबळी मिरची त्यात दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, चीजचा एक तुकडा आणि मूठभर बदाम. हे हजार किलोकॅलरींच्या जवळ जातं आणि कर्बोदकं वीस ग्रॅमच्या आतबाहेर. त्या दोन चमचे तेलातच अडीचशेच्या आसपास आहेत. ते काढलं तर तीन वाजता पुन्हा भूक लागते, मी दोनदा करून पाहिलंय. चिकनचा कंटाळा आला की टिनमधला ट्यूना किंवा सार्डिन. आमच्यातला एकजण मांसाहार करत नाही, त्याने माझं बघून टोफू आणि मशरूम तेलात परतून आणायला सुरुवात केली, वर शेंगदाणे. शेंगदाण्यांच्या शंभर ग्रॅममध्ये पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात, त्यामुळे त्याचं बरं चाललंय. काजू मात्र जपून. बदामापेक्षा त्यात कर्बोदकं जास्त आणि हात थांबत नाही.

पोटाचंही सांगायलाच हवं, कारण याबद्दल कोणी बोलत नाही. ब्रेड आणि फळं गेली की तंतूही जातात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मला चांगलंच बद्धकोष्ठ झालं. कोबी वाढवला, सॅलडवर जवस कुटून घातली, पाणी वाढवलं, तेव्हा सुटका. आणि याच्या बरोबर उलट अनुभव दिला तो ‘शुगर फ्री, लो-कार्ब’ लिहिलेल्या चॉकलेटच्या वड्यांनी. आयता खाऊ म्हणून एका दुपारी दोन खाल्ल्या. त्यात माल्टिटॉल होतं. हा गोडवा आतड्यात नीट शोषला जात नाही, पाणी ओढून घेतो, आणि आतड्यातले जिवाणू त्याचा वायू करतात. जिथे आम्ही काम करत होतो तिथे सगळ्यात जवळचं शौचालय दहा मिनिटांवर होतं. पुढचं सांगत नाही.

त्याहून गंभीर चूक जूनमधली. ब्रेड, बिस्किटं, केळं दिवसभर गाडीत तापली तरी काही होत नाही. चिकन आणि अंड्यांचं तसं नाही, आणि मी डबा मात्र जुन्याच सवयीने गाडीच्या पुढच्या काचेमागे ठेवत होते. त्या दिवशी चिकन चिरून मेयोनीजमध्ये कालवलं होतं. काम लांबलं, जेवायला अडीच वाजले. डबा हाताला गरम लागला, वास ठीक होता, चव ठीक होती. संध्याकाळी सहापासून उलट्या. रात्रभर. डॉक्टरांच्या मते स्टॅफिलोकोकसच्या विषामुळे झालं असावं. हे जिवाणू माणसाच्या हातावर-नाकात असतात, चिरताना अन्नात जातात आणि उबेत वाढून विष तयार करतात. ते विष नंतर अन्न गरम केलं तरी नष्ट होत नाही, आणि वासाने कळतही नाही. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा. शिजवलेलं अन्न त्यात दोन तासांवर राहू द्यायचं नाही, हा साधा नियम. कडक उन्हात तर एक तासच धरायचा. बंद गाडी उन्हात या पट्ट्याच्या मधोमध असते.

तेव्हापासून जाड भिंतीची थंड पेटी आहे. रात्री जेवणाचा डबा भरून फ्रिजमध्येच ठेवायचा, म्हणजे तो पेटीत जातानाच थंड असतो. कोमट डबा बर्फाशेजारी ठेवला तर बर्फाचा अर्धा जीव त्यालाच गार करण्यात जातो. पाण्याच्या दोन बाटल्या गोठवून एक खाली, एक वर. गार हवा खाली उतरते, म्हणून वरची जास्त महत्त्वाची. दुपारी तीच बाटली वितळून प्यायला थंड पाणी देते, हा वरचा नफा. पेटी गाडीत नाही, झाडाखाली ठेवायची, आणि जेवणाच्या वेळेआधी कोणी उघडायची नाही. हा शेवटचा नियम मोडणाऱ्यावर मी अजूनही खेकसते, पोट भरलेलं असतानासुद्धा.

दोन महिने झाले तोवर दुपारची झापड गेली होती. खरंच गेली होती. अडीच वाजता मी जागी असायचे, आणि हे इतकं नवीन होतं की पहिले काही दिवस मीच घड्याळ बघायचे. सपाटीवरची कामं, लागवड, छाटणी, माती पसरणं, सगळं आधीपेक्षा सोपं वाटत होतं. मग दगडाचं काम आलं. तीन दिवस उतारावर कडा बसवायची होती, दगड पंचवीस-तीस किलोचे, खालून वर न्यायचे. पहिल्याच दिवशी अकरा वाजता माझे पाय शिशाचे झाले. दम लागत नव्हता, चक्कर नव्हती, भूकही नव्हती. फक्त उचलायच्या क्षणी ताकदच येईना. मीठ वाढवून पाहिलं, तेल वाढवून पाहिलं. फरक शून्य.

याचं उत्तर शोधताना खेळाडूंवरचं संशोधन वाचनात आलं. १९८३ मध्ये स्टीफन फिनी यांनी पाच सायकलपटूंना चार आठवडे जवळपास बिनकर्बोदकांचं जेवण दिलं. मध्यम, एकसारख्या वेगाने सायकल चालवण्याचा त्यांचा दम सरासरीने जसाच्या तसा राहिला; शरीर चरबीवर चालायला शिकलं होतं. पण २०१७ मध्ये लुईझ बर्क यांच्या गटाने अव्वल दर्जाच्या चालण्याच्या शर्यतपटूंवर पाहिलं तेव्हा चरबी जास्त जाळूनही त्याच वेगाला त्यांना अधिक ऑक्सिजन लागू लागला, आणि सरावाने शर्यतीत जी सुधारणा व्हायला हवी ती झाली नाही. चरबीपासून ऊर्जा मिळते, पण सावकाश मिळते. जोराच्या, झटक्याच्या कामाला स्नायू ग्लायकोजेनच मागतात. माझी छाटणी ही सायकलवाल्यांसारखी होती. दगड उचलणं हे दुसरंच काम होतं, आणि मी दोन्हींना एकच डबा देत होते.

त्यामुळे आता माझे डबे दोन आहेत. रोजचा, वर सांगितलेला. आणि दगडाचा, ज्यात बदाम कमी करून शंभर-दीडशे ग्रॅम उकडलेले चणे येतात आणि सकाळी दहाच्या सुट्टीत एक सफरचंद. चण्यांच्या शंभर ग्रॅममध्ये २७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, पण सात-आठ ग्रॅम तंतू आणि बरीच प्रथिनंही असतात, त्यामुळे ती हळूहळू रक्तात उतरतात. सफरचंदाची पंचवीस. मुद्दाम कामाच्या आधी खायची, नंतर नाही; वापरणारे हात चालू असताना. दिवसाचा एकूण आकडा तरीही शंभर-सव्वाशेच्या आत बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हे करून गेले आणि दुपारपर्यंत दगड वर गेले. हलके वाटले असं नाही, दगड दगडच असतो, पण पाय माझे होते.

घरी लेकीला हे पटलं नाही. “आई, मग लो-कार्ब कसलं ते?” तिचं म्हणणं असं की एकदा सोडलं की सोडलं. तिच्या वयाला सगळं असंच असतं. माझी आणि ब्रेडची दुश्मनी नाही, मला पाहिजे होता रिपोर्टवरचा आकडा आणि उतारावरचे पाय, दोन्ही. आकड्याचं म्हणाल तर साडेतीन महिन्यांनी ५.८ आला. हा आकडा तांबड्या रक्तपेशींना चिकटलेल्या साखरेचा, आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून लवकर तपासण्यात अर्थ नव्हता. मध्ये दोनदा हात शिवशिवला होता, डॉक्टरांनीच थांबवलं. वजन पाच किलो कमी. ५.८ म्हणजे अजूनही त्या मधल्या पट्ट्याच्या आतच, काठावर. त्यांनी सहा महिन्यांनी परत बोलावलंय.

आता थंडी सुरू झालीय आणि नवीनच अडचण. सकाळच्या गारठ्यात सॅलडमधलं ऑलिव्ह तेल घट्ट होऊन पांढरट गोळे धरतं, चिकनची चरबी मेणासारखी लागते, आणि बोटं सुन्न असताना थंडगार अंडं सोलणं ही शिक्षा आहे. म्हणून गेल्या आठवड्यापासून थर्मास काढलाय. त्यात आधी उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवायचं, ते ओतून द्यायचं आणि मग उकळता रस्सा, चिकन, कोबी, मशरूम, वर लोण्याचा गोळा घालून ताबडतोब झाकण लावायचं. स्वयंपाकघरातला थर्मामीटर घेऊन मी दुपारी एक वाजता तपासलं, ६४ अंश होतं. मुकादमांनी विचारलं, “ताई, जेवणाला ताप आलाय का?” मग झाकणात ओतून थोडा दिला. दुसऱ्या दिवशी ते स्वतःचा मग घेऊन आले, तेव्हा आता मोठा थर्मास बघावा लागणार.